उन्हं उतरायच्या आत

लोकरीच्या कॉलरवर इस्त्री टेकवायची नाही, वरून वाफ द्यायची.

ज्याने चूक पाहिली त्याने ती उन्हं उतरायच्या आत सांगायची. नाहीतर चूक त्याची.

मागच्या खोलीला आतून कडी आहे. पहिले तीन महिने ती कोणी लावली नाही.

यातली मधली ओळ मुकीला चालायला लागायच्या आधीच पाठ झाली असावी. उंच कुंपणाआड साठ माणसं आणि त्यांच्यावर एक 'थोरले', अशा वस्तीत ती वाढली, आणि चोविसाव्या वर्षी तिथून पळाली. आता शिवणकामाच्या कारखान्यात काजं करायची. बोलायची कमी, म्हणून मुकी. तिथल्याच इस्त्रीवाल्या मावशींनी एका शब्दाने काही न विचारता आपल्या घराची मागची खोली तिला दिली होती.

दुपारी मावशींच्या हातून गिऱ्हाइकाच्या कोटाची कॉलर करपली. त्यांनी कोट ढिगाखाली सारला.

"बघितलंस?"

"हो."

"मग आता नाही बघितलंस. कामाला लाग, मुके."

मुकीने पुढचं काज घेतलं. सांगितलं तर मावशींची नोकरी जाणार, आपली खोलीही. नाही सांगितलं तर? तिला ठाऊक नव्हतं. वस्तीत न सांगता कोणी राहिलंच नव्हतं. समोरच्या भिंतीवरचं ऊन वीतवीत वर चढत होतं. सुई मोडली. दुसरी मोडली. ऊन छताला भिडलं तशी ती उठली आणि मालकीणबाईंसमोर मान खाली घालून उभी राहिली.

"एक चूक सांगायची आहे. मावशींची."

"कॉलर ना? मघाशीच दाखवली त्यांनी. नवी लावताहेत. तुझं काय त्यात?"

मागे मावशी उभ्या होत्या.

"घरात ठेवलं, तर घरच्याच चुगल्या! शाब्बास."

"चुगली नाही, मावशी. नसतं सांगितलं तर चूक माझी झाली असती."

"असं कोण म्हणालं?"

मुकीने छताकडे, उरलेल्या उन्हाकडे बघितलं.

"माझी चूक माझी. तिला वाटेकरी नकोय मला. घराची किल्ली दे."

मुकीने किल्ली दिली. मावशींनी ती पिशवीत टाकून चेन ओढली.

"सहाला फाटकापाशी थांब. घरी बरोबरच जाऊ, एकटी कुठे जाऊ नकोस. मला बोलायचंय, आणि आज तूही बोलणार आहेस. मुकी म्हणे!"

सहा वर्षांची असताना मुकीने पहिली चूक सांगितली, ती आईची. दुसऱ्या दिवशी आईला कुंपणाबाहेर काढलं.