ट्यूबमधली हवा

बिल्डिंग पाडायला द्यायची होती. रिकामी करायच्या शेवटच्या दिवशी राजाराम परबांच्या मुलुंडच्या घरात एक पांढरी बादली तेवढी उरली. पेंटची, झाकणाची. तिच्यात दोन क्लाउन मासे होते, लेक दिशा शाळेत जायची तेव्हापासून घरात असलेले. थोरली मादी सदान्‌कदा धाकट्या नराला ढुशा देऊन कोपऱ्यात पिटाळायची, म्हणून राजारामांच्या बायकोने, मीराबाईंनी, त्यांची नावं मालकीण आणि भाडेकरू ठेवली होती.

बाकी सगळं सामान, मोठ्या काचेच्या टाकीसकट, टेंपोतून पवईच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलं होतं. तिथे दिशा टाकी मांडून, जुन्या खाऱ्या पाण्याचे कॅन ओतून वाट बघत होती. "बाबा, मासे कुणाला तरी देऊन टाका ना," असं ती महिनाभर म्हणाली होती. राजाराम नुसते मान हलवत राहिले होते.

भर दुपारी टॅक्सी मागवली. मीराबाईंनी बादली दोन पायांच्या बेचक्यात धरली. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप त्यांच्या मांडीवर, त्याची बारीक नळी झाकणाच्या भोकातून पाण्यात. पंप घरघरत होता तोवर राजारामांचा जीव थाऱ्यावर होता.

कांजूरमार्गला गांधीनगरच्या पुलाजवळ गाड्या ठप्प झाल्या. मुंगीच्या पावलाने सरकता सरकता समोर एक बाइकवाला आडवा आला आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. झाकण उडालं, बादलीतलं पाणी उसळून सीटवर, मीराबाईंच्या मांडीवर आणि पंपावर सांडलं. पंप एकदा करकरला आणि गप्प झाला.

"काका, काय सांडलं ते?" ड्रायव्हर वळला.

"पाणी आहे, पुसते मी," मीराबाई पदर पुढे घेत म्हणाल्या.

त्याने सीटवर बोट फिरवून वास घेतला. "हे खारं आहे! गंज लागेल ना खालून. उतरा तुम्ही."

"अहो, पंप बंद पडलाय. मासे आहेत आत," राजाराम म्हणाले.

"माझ्या गाडीची वाट लागली, आणि तुम्ही मासे सांगताय? उतरा, काका. हात जोडतो."

मीराबाईंनी त्याला दोन शब्द सुनावले, पण मागचे हॉर्न इतके वाजायला लागले की उतरावंच लागलं. पुलाच्या सावलीत बादली ठेवून राजारामांनी पंप झटकला, सेल काढून पुसले, परत घातले. काही नाही. झाकण काढलं तर दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. पाणी हाताला कोमट लागलं.

मीराबाईंनी पिशवीतल्या डब्यातली वाटी काढली.

"तेल लागलंय का तिला?" राजाराम ओरडले. "तवंग आला तर संपलंच!"

"धुतलेली आहे, ओरडू नका." त्यांनी वाटीने पाणी उचललं आणि वरून धार धरून परत सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. चाळीस वर्षं माशांच्या नावाने बोटं मोडणारी बाई रस्त्यावर उकिडवी बसून पाणी घुसळत होती.

रिक्षा थांबत नव्हत्या. भाडेकरू तिरका व्हायला लागला. आणि राजारामांना एकदम काशिराम आठवला.

काशिराम आणि ते एकाच कारखान्यात फिटर होते. घाटकोपरच्या चाळीत त्यांनी पहिली खाऱ्या पाण्याची टाकी लावली तेव्हा लोक हसायचे, समुद्र कधी घरात राहतो का म्हणून. मिठाची पाकिटं नव्हती, पाणी तपासायचं काही नव्हतं. खारदांड्याच्या शेवंतीबाईंची होडी लांब आत जाऊन कॅन भरून आणायची आणि काशिराम त्यातलं थेंबभर जिभेवर ठेवून सांगायचा, "चलात." लोखंडी चौकटीची टाकी गंजून गळली, मासे एकामागून एक मेले, चाळभर वास सुटला. तरी एक निळा मासा जगला, तेव्हा अख्खा मजला तो बघायला दारात उभा राहिला होता. आणि लाइट जायची तेव्हा काशिराम काहीतरी करायचा, स्कूटरच्या ट्यूबचं.

दिवाळीनंतर दोघांचं बोलणं नव्हतं. काशिराम बोरिवलीला मुलाकडे राहायचा, मासे पाळणं केव्हाच सुटलं होतं. राजारामांनी फोन लावला.

"काशा, ट्यूबवर हवा कशी द्यायचो रे आपण?"

"मेल्या, इतक्या महिन्यांनी फोन करतंस, आणि ह्या इचारतंस?"

"मासे मरतायत, काशा. रस्त्यावर आहे मी."

मग काशिरामचा आवाजच बदलला. "पंक्चरवालो आसा थंय?"

"आहे. पुलाखाली."

"स्कूटरची ट्यूब घे. हवा भरून एकदा सगळी सोड, आत पावडर असता. मग परत भर, तट्ट. व्हॉल्व्हचो पीन अर्धो आटो ढिलो कर, काढू नको. तेच्यार पेट्रोलच्या नळीचो तुकडो चढव. नवो हां! आणि तेच्यात तुझी बारीक नळी घाल."

पंक्चरवाल्याने आधी वेड्यासारखं बघितलं. मग पॅच मारलेली एक जुनी ट्यूब काढली. आटा जास्त ढिला झाला आणि हवा भस्सकन गेली. पुन्हा भरली. राजारामांकडून नळी काही केल्या बसेना. तिसऱ्यांदा बसली. बादलीत बुडबुडे उठले.

"आले गं!" ते म्हणाले. मीराबाईंनी वाटी खाली ठेवली आणि दुखरा खांदा दाबला.

एक रिक्षावाला थांबला. राजारामांनी ट्यूब गळ्यात अडकवली, नळी हातात सांभाळली. आयआयटी मागे पडेपर्यंत बुडबुडे बरे होते. मग ट्यूब मऊ पडायला लागली. त्यांनी ती छातीशी कवटाळली आणि दोन्ही हातांनी दाबत राहिले. दाब कमी झाला की बुडबुडे थांबायचे, म्हणून ते दम खायलाही तयार नव्हते. उजवीकडे पवईचा तलाव पसरला होता. एवढं पाणी, सगळं गोडं, थेंबभरही उपयोगाचं नाही.

"अहो, सोडा थोडं. मी दाबते."

"नको. तू बादली धर."

फ्लॅटवर पोचल्यावर दिशाने बादली घेतली. टाकीचं पाणी वाटी-वाटीने बादलीत मिसळून मासे आत सोडले. मालकीण दगडामागे गेली आणि तिथेच थांबली. भाडेकरू वाळूवर आडवा झाला. बराच वेळ त्याचे कल्ले हलत होते. संध्याकाळी चहाच्या वेळेला ते थांबले. मीराबाईंनी जाळीने त्याला काढलं आणि गॅलरीतल्या कुंडीत पुरलं. राजाराम उठले नाहीत.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात काशिराम, काठी टेकत, घामाने निथळलेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. दिशाला फोन करून पत्ता विचारून, बोरिवलीहून दोन बस बदलून आला होता. चपला न काढताच तो टाकीपुढे गेला.

"एकच? दुसरो खंय?"

"गेला," मीराबाई म्हणाल्या.

काशिराम स्टुलावर बसला. राजाराम त्याच्या शेजारी येऊन बसले. "उशीर झाला रे," ते म्हणाले. "तुला आधी फोन करायला हवा होता."

"आधी म्हणजे केव्हा? त्या निळ्याच्या टायमाक किती मेले, आठवतत?" काशिरामने टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. "मीठ जरा जास्त झालाहा. पाणी घाल थोडा."

दिशा हसली आणि फिल्टरचं प्यायचं पाणी आणायला आत गेली.

काशिराम त्या रात्री राहिला. सकाळी सगळे टाकीपुढे असताना मालकीण दगडामागून बाहेर आली. मीराबाईंनी कोळंबीचा कण बोटांत धरून पाण्यात घातला. ती आधी दूर गेली, मग वळली, आणि तो तिने ओढून घेतला.