तळ्यातला जावई

आमच्या कोरीटच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं, की उघड्या पडलेल्या काठावर टिटवी अंडी घालते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्याच सुमाराला. म्हणून गाव तिलाही माहेरवाशीण समजतं आणि पिल्लं निघेपर्यंत तिकडे गुरंसुद्धा नेत नाही. सदतीस सालच्या आखाजीला मीही माहेरी आले होते, सातवा महिना लागलेला. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे मी उंबरा ओलांडला तरी माय दचकायची.

"तिन्हा पिल्लं निंघनात का तुन्हं बी सुखरूप व्हई," ती रोज म्हणायची. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी तिला ऐकवायची आणि रोज बांधावर जाऊन टिटवी बघून यायची.

अशात आमचे हे आले. नंदुरबारला ह्यांचं फोटोचं दुकान. ताठ बसलेल्या नवरदेवांना कंटाळून ह्यांना पाखरांचे फोटो काढायचं वेड लागलं होतं. सासुरवाडीला जेवायला आलेला माणूस सकाळीच कॅमेरा, तिपाई, काळं कापड आणि फोटोच्या काचा घेऊन तळ्यात उतरला. अंड्यांच्या अगदी जवळ कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आडोसा रचून आत शिरला. टिटवी ओरडत वर गेली, ती खाली येईना.

ऊन चढलं. एरवी ती पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. आता अंडी उघडी आणि खालची माती तव्यासारखी तापलेली. बांधावर अर्धं गाव जमलं होतं. सगळ्यांना सगळं दिसत होतं आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. जावई ना! उलट पाहुणचाराला ऊत आला. एकानं सरबत नेलं, दुसऱ्यानं ओला पंचा, तिसरा छत्री घेऊन निघाला. प्रत्येक फेरीला टिटवी आणखी लांब जात होती.

"उखाबाबा, तुम्ही तरी सांगा," मी म्हणाले. उखाबाबा गावचे पाटील. नुसत्या आवाजानं चोर पळवणारा माणूस.

"जवाईले कसं उठाडू, बेटी?" म्हणत त्यांनी पागोटं सारखं केलं.

मी मायकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"रतिलाल!" मी ओरडले. "भाईर निंघ! आत्तेच निंघ!"

नवऱ्याचं नाव, तेही चारचौघांत, वर अरेतुरे! बायकांनी पदर तोंडाला लावले. आडोसा हलला. काळं कापड डोक्यावर तसंच घेऊन हे बाहेर आले. माझा चेहरा पाहिला, वर ओरडणारं पाखरू पाहिलं आणि तिपाई खांद्यावर टाकून मुकाट्यानं बांधाकडे पळत सुटले.

मग आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. टिटवी पाण्याच्या कडेला उतरली. पोट बुडवलं. थोडी पुढे आली, थबकली, मागे फिरली. पुन्हा पोट बुडवलं. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. शेवटी ती तुरुतुरु चालत आली, पिसं फुगवली आणि अंड्यांवर बसली.

"बठनी वं माय, बठनी!" म्हणत माय मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"मला कुणी सांगायचं तरी!" हे घाम पुसत म्हणाले. "मला वाटलं, सगळे कौतुकानं बघताहेत." मग त्यांनी तिथूनच, बांधावरूनच, एक फोटो काढला.

पिल्लं निघाली. श्रावणात माझी लेक झाली, चांगली गुटगुटीत.

तो फोटो आमच्या बैठकीत लावलाय. टिटवी त्यात मसुराच्या दाण्याएवढी. हा नुसत्या चिखलाचा फोटो कशाला लावलाय, असं लेक विचारते.

"नीट बघ," मी म्हणते. "बसलेली आहे."