बोलणारं पॅकेज

"वाय की एन, हो की नाही, एवढंच विचारतंय ना ते? मग दाबा की," कॉम्प्युटर विभागाच्या मॅडम म्हणाल्या.

कुलूपवाल्यांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. त्यांना खरं नावही होतं. पण इस्पितळाच्या सर्व्हरवर एखादं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एखादा भाग, नीट चालू लागलं की ते त्याला कुलूप घालत, म्हणजे बाकी सगळं अपग्रेड झालं तरी ते जुनंच राही. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. बाकीची कुलपं त्यांनी हळूहळू स्वतःच काढली होती. हे शेवटचं होतं.

"खाली वाचा ना मॅडम. याच्याबरोबर काय जाणार तेही लिहिलंय."

तळातलं एक जुनं पॅकेज बदललं की त्याच्या जिवावर चालणारं दुसरं आपोआप काढलं जाणार होतं. ते पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवायचं. इस्पितळाचे फोन घेणाऱ्या ताईंना दिसत नव्हतं. कुठला डॉक्टर कुठल्या वॉर्डात, कुणाचा नंबर बदलला, सगळं तेच त्यांच्या कानात सांगे. ज्याने ते लिहिलं त्याने त्यातून केव्हाच अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे ते नव्यावर चालेल असं करून देणारं कुणी उरलं नव्हतं.

"कळतंय हो मला," मॅडमचा आवाज खाली आला. "पण त्या जुन्यात भोक सापडलंय. उद्या त्यातून कुणी आत शिरून पेशंटचे रिपोर्ट बदलले तर?"

मॅडम दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. कुलूपवाल्यांनी सगळं करून पाहिलं होतं. बोलणारी नवी पॅकेजं नावं वाचताना इतकी अडखळत की ताईंना काही उमगेना. वेगळ्या मशीनवर ठेवू का, असंही विचारून झालं. जुनं कुठेच नको, असा वरून हुकूम होता.

"दुसरं चांगलं विकत घेऊ. मी वर कळवलंय."

"आणि तोवर ताई?"

"कपड्यांच्या खोलीत. चादरींच्या घड्या घालायला माणूस हवंय तिथे."

"आधी त्यांना सांगून येतो," म्हणत ते उठले. मी आहे तोवर हे हलत नाही, असा शब्द त्यांनी ताईंना दिला होता. जिना उतरून ते ताईंच्या फोनच्या खोलीत गेले.

"दादा, पाय ओढत आलात," ताई म्हणाल्या. "काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. मधेच फोन वाजला. ताईंनी तो प्रसूती विभागाला जोडून दिला आणि परत त्यांच्याकडे तोंड केलं.

"किती दिवस घड्या घालायच्या?"

"थोडेच."

"खोटं नका बोलू दादा. आजवर कधी बोलला नाहीत."

"माहीत नाही, ताई."

कुलूपवाल्यांचे डोळे भरून आले. बरं आहे यांना दिसत नाही, असं मनात आलं आणि त्या विचाराचीच त्यांना लाज वाटली.

ताईंनी शेजारची खुर्ची ओढली. "मग इथूनच करा. माझ्या मशीनवरून. मला कळू दे."

त्यांनी कमांड दिली. ताईंनी हेडफोन काढून आवाज मोकळा सोडला. काय काय काढलं जाणार ते पॅकेज वाचू लागलं. वॉर्डांचे नंबर वाचावेत तितक्याच कोरडेपणाने त्याने स्वतःचं नावही वाचलं. शेवटी वाय की एन, असं विचारून ते थांबलं.

"दाबा," ताई म्हणाल्या.

त्यांनी वाय दाबलं. आवाज सुरू झाला आणि अर्ध्या शब्दात तुटला. पडद्यावर ओळी मात्र सरकत राहिल्या.

"पुढे काय लिहिलंय?"

कुलूपवाल्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचायला घेतली. काय निघालं, काय बसलं, काय तपासलं जातंय. ताई प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या.

"आता?"

"आता काही नाही. नुसता कर्सर लुकलुकतोय."

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी उचलला, ऐकून घेतलं, पलीकडच्या माणसाला जरा थांबायला सांगितलं आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

"दादा, हाडांच्या डॉक्टरांचा नंबर परवाच बदललाय. वाचता का?"

त्यांनी यादी उघडली आणि एकेक आकडा सुटा सुटा वाचून दाखवला.