टोपातल्या निवट्या

"काशी, इथला टोप कुठं गेला?"

मिक्सरच्या आवाजात काशीला काही ऐकू गेलं नाही. ती मसाला वाटत होती आणि गॅसवर कालवण रटरटत होतं. हौसा तशीच गॅसकडे धावली.

खाडीत भराव पडला, गोदामं उठली, तशा चिखलात टणाटण उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या काठ सोडून गेल्या होत्या. मग निसर्ग केंद्राच्या यामिनीबाईंनी गावाला हाताशी धरून भराव उपसला, तिवरं लावली. गुडघाभर चिखलात रुतून सगळ्यात जास्त रोपं लावली ती हौसाने. यंदा निवट्या पुन्हा दिसल्या. आज टेमघरच्या शाळेतली मुलं येणार, म्हणून बाईंनी काल संध्याकाळी काचेच्या टाकीसाठी चार निवट्या धरल्या, तर ऐनवेळी टाकीच गळायला लागली. "सकाळपर्यंत तुझ्या घरी राहू दे गं," म्हणत त्यांनी टोप हौसाच्या हवाली केला. आणि ही शहाणी जावेला सांगायचंच विसरली. खाडीवाल्यांच्या घरात निवट्या आल्या की त्यांचं दुसरं काय होणार?

हौसाने कालवणावरचं झाकण उचललं. आत वांगं आणि सुकट. तिचा जीव भांड्यात पडला.

"मंग निवट्या?"

"मी मीठ घेऊन साफ करायलाच बसलेली," काशीने मिक्सर थांबवला. "बाबा टोपच उचलून घेऊन गेले. मला काय ठाव त्या कशापायी आनलेल्या!"

हौसा पदर खोचून खाडीकडे पळाली. तिचे सासरे, दाजी, बांधावर बसले होते. बाजूला रिकामा टोप.

"बाबा, सोडल्या?"

"सोडल्या. जल्मभर खाल्ल्या गं मी. पन इतक्या वर्सांनी परत आलेल्याला कोन टोपात कोंडतं का?"

आता ह्या माणसावर रागवायचं तरी कसं? पण बाईंना काय तोंड दाखवायचं? तेवढ्यात मुलांची रांग घेऊन बाई आल्याच. हौसाने एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी कपाळाला हात लावला, मग मुलांना बांधावरच बसवलं.

"आता गप बसून वाट बघायची," त्या म्हणाल्या.

चिखल आपला मख्ख. मुलं चुळबुळायला लागली. हौसा मनातल्या मनात गावदेवीला विनवत होती, एक तरी दिसू दे आई, नाहीतर लोक म्हणतील, एवढं राबून चिखलच मिळवला.

तिवराच्या मुळाशी काहीतरी उडालं. पलीकडे आणखी एक. मग बिळाबिळातून बटबटीत डोळे वर आले आणि बघता बघता अख्खा काठ उड्या मारायला लागला. टोपात होत्या त्या चार. ह्या तर कुणी मोजल्याही नव्हत्या.

हौसाला इतकं हलकं वाटलं की रडूच फुटलं. मुलं दाजींना विचारत होती, "आजोबा, ह्या कुठून आल्या?"

दाजी उठले. देवळापुढे काढाव्यात तशा त्यांनी पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि चिखलाकडे बघत ते नुसते उभे राहिले.