हातवालीचा तिसरा नियम

सेटवर मला सगळे ‘नियमबाई’ म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, म्हणजे मला ऐकू जात नाही असा त्यांचा समज. अडुसष्ट वर्षांची झाले तरी कान शाबूत आहेत, आणि जिभेबद्दल तर विचारूच नका. माझ्या धाकट्या भावाने जादूच्या दुनियेची सात पुस्तकं लिहिली. तो गेल्यावर टीव्हीवाले दारात आले, तेव्हा मी करारात एकच ओळ हट्टाने घालून घेतली: जादूच्या नियमांत काडीचाही बदल करायचा तर माझी सही लागेल. त्या एका ओळीच्या जोरावर मी तीन सीझन त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटते आहे.

तसा मला हक्कही होता. नियमांची वही माझीच. तीस वर्षं मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळलं: बाटल्या, वजनं, चिमटे, मोडतोडीचं रजिस्टर. आईवडील लवकर गेले. भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वर्ग सुटले की तो माझ्या टेबलाशी येऊन बसायचा आणि काहीबाही खरडायचा. मोठा होऊन पहिलं पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा त्यात त्याने एक बाई आणली, लोक तिला ‘हातवाली’ म्हणतात. ती आजाऱ्याच्या अंगावर हात ठेवते आणि तो खडखडीत बरा होतो. मी वाचलं आणि म्हटलं, “अरे गाढवा, मग ते दुखणं गेलं कुठे? जगात काही नाहीसं होत नसतं, जागा बदलतं.” तो बराच वेळ पेन चावत बसला. दुसऱ्या दिवशी नियम लिहून आणला: हातवाली ज्याचं दुखणं काढते, ते तिच्याच अंगात येतं. लंगड्याला चालवलं की ही लंगडते. तो पहिला नियम. तेव्हापासून कुठल्या पानावर कोणाचं कोणतं दुखणं हिने घेतलं, ते सगळं मी वहीत टिपत आले.

टीव्हीवाल्यांना मात्र दुखणं डोळ्यांना दिसावं लागतं. पुस्तकात हातवाली हात ठेवते तेव्हा काहीच दिसत नाही. चार पानांनंतर जिना चढताना ती कठडा धरते, तेव्हा वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. यांनी पहिल्याच भागात तिच्या तळव्यातून जांभळा उजेड काढला. मी म्हटलं, “हे काय, विद्या आहे की दुकानाची पाटी?” दिग्दर्शक बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “मावशी, लोक रिमोट हातात धरून बसलेले असतात हो. चार पानं कोण थांबतंय?” शेवटी तह झाला. उजेड त्यांचा, लंगडणं माझं.

दोन नियम मात्र थेट सातव्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आले. हातवालीचा धाकटा भाऊ गावात दिवे लावायचं काम करतो, म्हणून तो दिवेवाला. तो मरणाला टेकतो. ती हात पुढे करते. तेव्हा तो तिला दुसरा नियम सांगतो: घेणारा, म्हणजे आजारी माणूस, शुद्धीत असताना ‘हो’ म्हणाला नाही, तर द्यायचं नाही. आणि तो ‘नाही’ म्हणतो. मग तिसरा: ‘नाही’ ऐकल्यावर देणारीने उठून जायचं नाही. शेवटापर्यंत तिथेच बसायचं. उठली तर तिचा हात कायमचा विझतो. हातवाली बसते. चौदा पानं ती नुसती त्याच्या उशाशी बसते, तो जातो, पुस्तक संपतं.

हे कुठून आलं ते वाचकांना ठाऊक आहे. माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि माझी जुळत होती. मी एका पायावर तयार होते. हा पठ्ठ्या नाही म्हणाला. “ताई, तू मला वाढवलंस, शिकवलंस, माझ्यापायी लग्नाला नकार दिलास. आता पोटातलंही काढून देणार? मला नकोय. तू विचारलंस ना? मग माझं उत्तर नाही.” तो गेल्यावर दवाखान्यातल्या त्याच्या कपाटात त्या प्रकरणाची पानं निघाली. नर्सने ती माझ्या हातात ठेवली. पुस्तक छापून आलं, वर्तमानपत्रांनी आमची गोष्ट लिहिली आणि मला पत्रं येऊ लागली. ‘तुम्ही भावापाशी बसलात, ते वाचून मी माझ्या आईपाशी बसू शकले.’ अशी शेकड्याने पत्रं. मी एकालाही उत्तर पाठवलं नाही. लोकांना वाटलं, बाई विनयशील आहे.

तर गेल्या आठवड्यात त्यांचा पटकथावाला घरी आला. तिशीतला आहे, हुशार, जरा जास्तच. बसल्याबसल्या म्हणाला, “मावशी, रागावू नका हं.” माणसाने असं म्हटलं की समजावं, रागवायची वेळ आलेली आहे.

“चौथा सीझन मंजूर झालाय,” तो म्हणाला. “आणि दिवेवाल्याचं काम करणारा नट लोकांना इतका आवडलाय की त्याला मारता येत नाही. म्हणून असं केलंय: तो गाढ झोपलेला असताना हातवाली येते, न विचारता हात ठेवते. तो वाचतो.”

“न विचारता? दुसरा नियम वाचला आहेस का, का उचलली जीभ लावली टाळ्याला?”

“वाचलाय ना. तिसरं पुस्तकही वाचलंय. पान दोनशे बारा. नावाडी पाण्यातून काढला तेव्हा बेशुद्ध होता. हातवालीने त्याला कुठे विचारलं? हात ठेवला, तो वाचला, आणि हिला पुढे वर्षभर खोकला. तुमच्याच वहीत आहे.”

मी वही काढली. होतं. माझ्याच अक्षरात होतं: नावाडी, बेशुद्ध, छातीत पाणी, खोकला अकरा महिने. कोणी तोंडात मारावी तसं झालं. एरवी भावाचं प्रत्येक प्रकरण आधी मी वाचायची, अशा चुका मीच पकडायची. सातव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं माझ्या हाताखालून गेलं नव्हतं.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला. अंगात शाळकरी पोरीसारखं काहीतरी उसळलं. म्हणजे न विचारता देता येत होतं! त्याच्याच दुनियेत चालत होतं! मग नाही म्हणणारा तो कोण लागून गेला? भाऊ गेल्यापासून सहा वर्षं मी मनातल्या मनात तेच करत आले होते, तो झोपलेला असताना द्यायची आणि मोकळी व्हायची. पटकथावाल्याला म्हटलं, “एकदा डोळ्यांनी बघते. सही सेटवरच करीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. दिवेवाल्याची खोली उभी केली होती: लोखंडी खाट, पाण्याचा तांब्या, खिडकीबाहेर कापड ताणून त्यामागे मोठा दिवा. हातवालीचं काम करणारी पोरगी मला फार आवडते. नियम पाळते. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा लंगडते, नाहीतर पाय विसरतो म्हणते. तालीम सुरू झाली. नट डोळे मिटून पडला. ही आली, उभ्यानेच वाकली, त्याच्या पोटावर हात ठेवला. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “ताई.”

मला रडू फुटलं. चारचौघांत, पदराचं भान न राहता, हमसून हमसून. हेच. एवढंच तर हवं होतं मला. दिग्दर्शकाने पाणी आणलं, पटकथावाल्याने अलगद माझ्या मांडीवर कागद आणि पेन ठेवलं. त्यांचंही बरोबर होतं, मी त्या क्षणी कशावरही सही केली असती.

तेवढ्यात ती पोरगी लंगडत आली आणि माझ्या खुर्चीशी जमिनीवर बसली.

“मावशी, एक विचारू? बसायचा सीन आता गेलाच. पण मी तीन महिने त्याची तयारी करत होते आणि एक गोष्ट मला सापडतच नव्हती, पुस्तकात नाहीये ती. तुम्ही कशा बसला होतात? त्याचा हात हातात होता, की नुसत्याच शेजारी?”

सात पुस्तकांतलं मला काहीही विचारा. नावाड्याचा खोकला कुठल्या महिन्यात थांबला, लंगड्याचा पाय कोणता, डावा की उजवा, झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आणि इथे काय, ‘हात हातात होता’ एवढं म्हटलं की झालं. कोण तपासायला येणार होतं? मी तोंड उघडलंही.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

“आठवत नाही?”

“मी बसलेच नव्हते गं.”

तिला कळलं नाही. मग मी सांगितलं. कसं काय सांगून गेले देव जाणे, पण तिथे सगळ्यांसमोर सांगितलं. तो नाही म्हणाला आणि मी ताडकन उठले, निघून आले. अकरा दिवस तिकडे फिरकले नाही. डॉक्टर म्हणाले होते, डायलिसिसवर वर्ष सहज निघेल. मी म्हटलं, वर्ष आहे ना, मग बस कुढत, येशील गुडघ्यावर. त्याचे फोन यायचे. मी फोन वाजू द्यायची आणि भांडी घासायची. बाराव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, तो उचलला. त्याचं हृदयच थांबलं होतं. ती चौदा पानं त्याने त्या अकरा दिवसांत लिहिली. शेजारी रिकामी खुर्ची, आणि हा लिहितोय की ताई उठली नाही, ताई बसून राहिली.

“टोमणा मारला की माया केली, ते मला आजतागायत कळलेलं नाही,” मी म्हटलं. “आणि मेल्याला विचारायची सोय नाही.”

खाटेवरचा नट उठून बसला होता. पटकथावाला माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “मावशी, मग हा बदलच बरा ना? यात कोणी मरतच नाही.” पोरगा मनाने वाईट नाही. माझ्यासाठीच म्हणत होता.

मी कागदाकडे बघितलं. माझा भाऊ जन्मभर माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. मी म्हणेन ती शाळा, मी म्हणेन तो शर्ट. आयुष्यात एकदाच त्याने मला डोळ्यात डोळे घालून नाही म्हटलं, आणि तेवढंही मी आता त्याच्याकडून काढून घेणार होते, तो झोपलेला असताना. शिवाय मी सुटत होते. पुस्तकात बसून सुटले होते, टीव्हीवर वाचवून सुटणार. मला माझीच किळस आली.

“नावाड्याचं पान ही चूक आहे,” मी म्हटलं. “त्याचीही आणि माझीही. चूक ती चूक, तिच्यावर माडी चढवायची नाही. हा बदल होणार नाही. दिवेवाल्याला जागं कर. हिला विचारू दे. त्याला नाही म्हणू दे.”

“म्हणजे पुस्तकाप्रमाणे,” दिग्दर्शक म्हणाला. “ठीक आहे. मग ही बसते.”

“नाही. ही उठून जाते.”

“अहो, पण तिसरा नियम…”

“तिसरा नियम माझ्या तोंडपाठ आहे. हिचा हात विझू दे. पुढचा अख्खा सीझन विझलेलाच राहू दे, दारात आजारी आले तरी. आणि तो एकटा जाऊ दे. यात कुठला नियम मोडतोय? दाखव मला.”

दिग्दर्शकाने कपाळ चोळलं. “मावशी, लोक हातवालीला शिव्या घालतील. आणि सगळ्यांना माहितेय की ती म्हणजे तुम्ही.”

“घालू देत. सहा वर्षं उगाच पाया पडतायत.”

पटकथावाल्याने माझ्या मांडीवरचा कागद उचलला, त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि उलटा करून लिहायला लागला. मध्येच थांबून म्हणाला, “जाताना ती काही बोलते?”

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. सहा वर्षांत भिंतीलासुद्धा नाही.

“बोलते. ‘जा, मर मग एकटा.’”

त्याने लिहून घेतलं. पोरगी जमिनीवरूनच माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण काम ते काम. “ओरडून?” तिने विचारलं.

“नाही गं. साध्या आवाजात, दारातून. मग जिना उतरायला लागते. तो मागून काहीतरी म्हणत असतो, पण ही थांबत नाही.”

“काय म्हणत असतो?” पटकथावाल्याने मान वर न करता विचारलं, पेन कागदावर टेकवून.

“ते मी कसं सांगू, बाळा?” मी म्हटलं. “मी थांबले नाही ना.”