ओझिमारचे तीन ठोके

ओझिमारने अठ्ठावीस वर्षांत मासेमारीच्या हौशी पाहुण्यांना जितके तुकुनारे मासे पकडून दिले, तितके त्या पाहुण्यांच्या डोक्यावर केसही नसतील, असं साओ गोन्सालो गावात लोक म्हणत. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण पाहुणे बहुतेक टकलेच असल्यामुळे ती कुणी तपासायला जात नसे. गुडघे गेले, डाव्या डोळ्यात पडदा आला, तरी नेग्रो नदीच्या त्या उपनदीवर शेवटचा शब्द त्याचाच चाले. स्वभावाने म्हातारा कडक. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

नवा वाटाड्या व्हायचा तर त्याची परीक्षा ओझिमारच घेई. दिवसभर खऱ्या पाहुण्याला घेऊन मासेमारी करायची, ओझिमार नावेच्या पुढच्या फळीवर गप्प बसणार. पकडलेला प्रत्येक मासा जिवंत परत पाण्यात गेला पाहिजे. एक जरी मेला किंवा बोतोच्या तोंडी गेला, तरी माणूस नापास. आमच्या नदीतला हा गुलाबी डॉल्फिन हुशार आणि आळशी. झुंजून दमलेला मासा सोडला रे सोडला की हा खालून येऊन उचलतो. संध्याकाळी नाव धक्क्याला लागताना ओझिमारने वल्ह्याने पत्र्याच्या कडेवर तीन ठोके दिले, तर माणूस पास. ठोके पडले नाहीत, तर त्याने गुपचूप घरी जाऊन कसाव्याचे कंद किसायला बसावं.

हे तीन ठोकेही ओझिमारचेच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या पाहुण्याला नऊ किलोचा मासा लागला, तेव्हा आनंदाच्या भरात त्याने नावेची कड बडवली होती. आवाज लांब गेला, मोठा मासा लागल्याचं बाकीच्या नावांनी ओळखलं. तेव्हापासून मोठा मासा हातात आला की ठोके द्यायचे, हा सगळ्या नदीचा रिवाज होऊन बसला.

यंदा परीक्षेला उभी राहिली ती त्याची भाची, जुसेलिया. चौतिशीची, खांद्याने रुंद, बोलायला कमी. नऊ हंगाम तिने पाहुण्यांच्या तरंगत्या घरावर स्वयंपाक केला होता, आणि त्या स्वयंपाकाला लागणारे मासे स्वतःच मारून आणले होते. नदी तिला पाठ होती. पण गावाच्या बैठकीत बाल्बिनो उठला. त्याला स्वतःच्या मेहुण्याला वाटाड्या करायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणाला, बाईमाणूस नावेत असलं की बोतो मागे लागतो, हे आजा-पणजापासून चालत आलंय. मग मासे वाचायचे कसे? बायका हसल्या, म्हातारे मात्र मान हलवू लागले. खरं तर बोतो सगळ्यांच्याच नावांमागे येत. पण पुरुषाच्या नावेमागे आला तर दोष नदीचा, आणि बाईच्या नावेमागे आला तर बाईचा.

ओझिमार भाचीच्या बाजूने एक शब्द बोलला नाही. उलट मामा म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याने अट आणखी आवळली. तो म्हणाला, मासा जाऊ दे, नुसता एक बोतो जरी तिच्या नावेमागे दिसला, तरी विषय कायमचा संपला. मनात त्यालाही ती जुनी गोष्ट खरीच वाटत होती. आईने सांगितलेली गोष्ट गुडघे गेले तरी मनातून जात नाही.

पाहुणा होता अन्सेल्मो, कुरितिबाचा निवृत्त दातांचा डॉक्टर. पाच वर्षं तो या नदीवर येत होता आणि पाचही वर्षं दहा किलोच्या माशाने त्याला हुलकावणी दिली होती. माणूस भला, फक्त बोलायचा फार. सकाळी नावेत बसल्यापासून त्याने दातांच्या मुळांविषयी जे काही सांगितलं, ते ऐकून ओझिमारच्या उरलेल्या चार दातांना कळा लागल्या.

जुसेलियाने मात्र सुरुवातीपासूनच मामाला चकित केलं. इंजिन ती लांबच बंद करी आणि वल्ह्याने नाव अशी सरकवी की पाण्यावर रेघ उमटत नसे. बिनदुधाच्या चहासारख्या त्या काळ्या पाण्यात कुठे बुडालेलं खोड आहे, कुठे वाळू अचानक खोल उतरते, हे ती न बघताच सांगे. डॉक्टरच्या गळाचा खोटा, लाकडी मासा फांदीत अडकला तर कपाळाला आठी न घालता सोडवून देई. दुपारपर्यंत सात मासे लागले. सातही तिने पाण्यातच धरून ठेवले, शेपटीत जोर येईपर्यंत पुढेमागे हलवले, आणि मग सोडले. सातव्या वेळी ओझिमारच्या लक्षात आलं की आपण तिच्यातली चूक शोधायची सोडून नुसते तिचे हात बघत बसलोय. हात सुंदरच चालत होते. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

मग सगळ्यांनी भाजलेल्या कसाव्याचं पीठ पाण्यात कालवून खाल्लं आणि नाव एका बंदिस्त खाडीत शिरली. तिथे वाळूच्या उथळ काठाजवळ, वारा नसताना, पाण्याच्या एका पाटाएवढ्या तुकड्यावर बारीक थेंब पडल्यासारखं थरथरत होतं. पिल्लं. तुकुनारेची हजारो पिल्लं, आणि त्यांच्याखाली आईबाप पहाऱ्यावर. अशा वेळी तो मासा भुकेने नाही, रागाने चावतो. त्या पुंजक्यावर खोटा मासा टाकला की मोठा मासा लागलाच म्हणून समजा. ओझिमारने स्वतः अशाच जागी कितीतरी पाहुण्यांची हौस पुरवली होती. डॉक्टरने गळकाठी उचललीसुद्धा.

जुसेलियाने वल्हं त्याच्या काठीवर आडवं ठेवलं. "तिथे नाही, डॉक्टर. तिथे लेकरं आहेत."

"अगं, पण मी सोडणारच आहे त्याला!"

"तुम्ही त्याला सोडाल हो. तोवर पिरान्हा पिल्लांना सोडतील का?"

डॉक्टर हिरमुसला. ओझिमारला वाटलं, झालं, पाच वर्षांचा पाहुणा दुखावला. पण तिने नाव चांगली तीस हात लांब नेली आणि समोरच्या आडव्या खोडाकडे बोट करून तिथे टाकायला सांगितलं. डॉक्टरने नाइलाजाने टाकला. खोट्या माशाच्या शेपटीचा पंखा पाण्यावर फरफरला, एकदा, दोनदा. आणि पिल्लांच्या बाजूकडून पाणी फुगत आलं. तो बाप तीस हातांवरची ती कुरबुरही सहन करणाऱ्यातला नव्हता. त्याने खोट्या माशाला असा तडाखा दिला की डॉक्टर फळीवर मागे बसला, आणि दिवसात पहिल्यांदा त्याचं तोंड बंद झालं.

मासा सरळ खोडाखाली घुसला. दोरा फांद्यांत गुंतून ताठ उभा राहिला, आणि हलेना. अशा वेळी बहुतेक वाटाडे दोरा कापतात. जुसेलियाने टोपी काढून मामाच्या मांडीवर ठेवली, दोरा मुठीत धरला आणि त्याच्यासोबत खाली बुडी मारली. काळं पाणी मिटलं. ओझिमार मनात आकडे मोजू लागला. चाळीसच्या पुढे त्याला नावेची, परीक्षेची, कशाचीच पर्वा राहिली नाही. बहिणीला काय तोंड दाखवू, एवढंच त्याला सुचत होतं. साठाच्या आत ती वर आली. कपाळावर ओरखडा, आणि दोन्ही हातांत तो मासा.

काय मासा होता! डोक्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, सोनेरी अंगावर तीन काळे पट्टे, गळा लालभडक, शेपटीवर डोळ्यासारखा टपोरा ठिपका. वजनाचा काटा अकरा किलोला दोनशे ग्रॅम कमी यावर थांबला. डॉक्टरने त्याला हात लावला आणि लहान पोरासारखा रडू लागला. ओझिमारलाही गहिवरून आलं. भाचीचा त्याला इतका अभिमान वाटला, की आपण परीक्षक आहोत हेच तो विसरला. त्याने वल्हं उचललं आणि नावेच्या कडेवर दिले तीन ठोके, ठण ठण ठण.

जुसेलिया काठाजवळच्या कंबरभर पाण्यात मासा धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला. अजून तिच्या तोंडून शब्द निघतोय तोवर खाडीच्या तोंडाशी फुस्स असा आवाज आला. मग दुसरा. चार गुलाबी पाठी वर आल्या आणि नावेभोवती घिरट्या घालू लागल्या.

"बघ," ओझिमार खिन्नपणे म्हणाला. "खोटं नव्हतं ते. बाईच्या मागे येतोच तो."

जुसेलियाने आवाज चढवला नाही. "मामा, सकाळपासून किती मासे सोडले आपण?"

"सात."

"बोतो किती दिसले?"

ओझिमारने आठवलं. एकही नाही.

"सकाळीही मी बाईच होते," ती म्हणाली. "नवीन काय घडलं, तेवढं सांगा."

त्याच्या हातात वल्हं होतं. त्याने ते पाहिलं, आणि वल्हं एकदम जड झालं. ठोका पडला की दमलेला मासा पाण्यात येणार, हे अठ्ठावीस वर्षांत त्या हुशार जनावराने शिकून घेतलं होतं. जेवणाची घंटाच ती, दुसरं काय. आणि ती वाजवायला सगळ्या नदीला शिकवलं होतं कुणी? बाल्बिनोने नाही. आजा-पणजाने नाही.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"तीन हंगाम. तरंगत्या घराच्या मागच्या ओट्यावर भांडी घासताना दिसायचं. तिकडे ठोके पडले की इकडचे बोतो निघालेच." ती क्षणभर थांबली. "तुमचा रिवाज होता, मामा. तुम्हाला कुणी सांगायचं?"

मासा तिच्या हातांत हळूहळू तोंड उघडत-मिटत होता; फार वेळ धरून ठेवण्यासारखा तो राहिला नव्हता. तिने डॉक्टरला पाण्यात उतरवून आपल्या शेजारी उभं केलं आणि ती मामाला म्हणाली, "आता तुम्हीच वाचवू शकता त्याला. नाव घेऊन वळणापलीकडे जा, आणि वाजवा."

सडसष्ट वर्षांचा परीक्षक मुकाट्याने वल्हं मारत निघाला. वळण ओलांडलं, आणि त्याने कड बडवायला सुरुवात केली. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. थोड्याच वेळात चारही बोतो हजर. त्यातल्या एकाच्या पाठीवर जुनी खाच होती. ओझिमार त्याला वीस वर्षं ओळखत होता, आणि हे ध्यान आपल्याच नावेला इतका लळा का लावतं याचं त्याला कौतुकही वाटायचं. आता तो म्हातारा बोतो पाण्याबाहेर डोकं काढून बारीक डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत राहिला, रोजचा वाढपी ताट का ठेवत नाही असं बघावं तसा. मामाला भाचीने चांगलाच मामा बनवला होता, आणि तेही मामाच्याच भल्यासाठी. त्याला हसू आलं. मग किती मासे आपल्या ठोक्यांनी गेले असतील हे मनात आलं, आणि डोळे भरून आले. पण हात त्याने थांबवला नाही. खांदा भरून येईपर्यंत वाजवत राहिला.

जुसेलियाची शीळ ऐकू आली तेव्हा तो परतला. ती रिकाम्या हातांनी पाण्यात उभी होती. डॉक्टरने कुजबुजत सगळं सांगितलं. तिने माशाला पाण्यातून चालवत थेट पिल्लांपर्यंत नेलं होतं. तोवर आईने एकटीने पहारा धरला होता, लहान पिरान्हांना पळवून लावत होती. बापाने शेपूट हलवली, तिच्या हातातून निसटला, आणि त्या थरथरत्या पाण्याखाली जाऊन उभा राहिला. वजन, फोटो, काहीच डॉक्टरला सांगायचं नव्हतं. तो एवढंच सांगत होता.

संध्याकाळी धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. बायका पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, बाल्बिनो मेहुण्याला घेऊन पुढेच उभा होता. नाव लागली. सगळे कान ओझिमारच्या वल्ह्याकडे. त्याने वल्हं उचललं, कडेवर नेलं, आणि सावकाश फळीवर आडवं ठेवून दिलं.

जुसेलियाच्या आईने तोंडावर हात धरला. बाल्बिनोने मोठ्याने विचारलं, "काय मग, दिसला ना बोतो?"

"चार दिसले," ओझिमार म्हणाला. गुडघ्यांवर हात रोवून तो उठला. "पण ते तिच्यामागे आले नव्हते. माझ्यामागे आले होते. अठ्ठावीस वर्षं माझ्याच मागे येतायत. मी ठोके दिले की त्यांना जेवण मिळतं. आजपासून या नदीत कुणी नाव बडवायची नाही."

बाल्बिनो गोंधळला. "मग पास झाल्याचं कळणार कसं?"

"तोंड दिलंय ना देवाने," ओझिमार म्हणाला. आणि सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याने टोपी काढली. "माझी भाची पास झाली. जमलं तर उद्यापासून मी तिच्या नावेच्या पुढच्या फळीवर बसेन. शिकायला."