दुसऱ्याचा हात

“फाइल द्या बाबा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला मी उद्याची रजा टाकलीये.”

सुनेने हात पुढे केला. मिस्त्रींनी मांडीवरची फाइल आणखी घट्ट धरली. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस एरवी कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, पण सुनेपुढे त्यांची बोलती बंद व्हायची.

“त्या डॉक्टर मॅडमना काय वाटेल?” ते शेवटी म्हणाले. “एकाने उघडलेल्या मशीनला दुसऱ्याने हात लावायचा नसतो.”

“अहो, तुमचं लिव्हर म्हणजे काय लिफ्ट आहे?” बायको आतून कडाडली.

मिस्त्रींच्या धंद्यात मात्र हा नियम होता. एकाने मशीन उघडलं, की तो ‘झालं’ म्हणेपर्यंत दुसरा मेकॅनिक त्या इमारतीची पायरी चढत नसे. या नियमापायी त्यांनी चालून आलेली कामं सोडली होती, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

गाठ सापडून तीन आठवडे झाले होते. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाला लिव्हरचा कॅन्सर! जुन्या काविळीने लिव्हर आतून कडक करून ठेवलं होतं, त्यातच लिंबाएवढी गाठ धरली होती. मॅडमनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. कापून काढावी, तर उरलेल्या लिव्हरला भार झेपणार नाही. दुसऱ्याचं बसवावं, तर हृदय आधीच दुखणेकरी. सुईने जाळावी, तर गाठ त्या मानाने मोठी. गोळ्या आहेत, पण त्या नंतर.

“गाठीला रक्त पुरवणारी नस आतून बंद करता येते, काका. आमच्याकडे ती सोय नाही. तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात दाखवाच.”

यावर मिस्त्रींना बाईंची चक्क दया आली. एवढी हुशार बाई, आणि स्वतःवर भरवसा नाही! “मनाला लावून घेऊ नका मॅडम,” त्यांनी उलट बाईंनाच धीर दिला. “मी कुठेही जाणार नाही. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे.” मॅडमनी पुन्हा बजावलं, चिठ्ठी लिहून फाइलमध्ये घातली. मिस्त्रींनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की मॅडम बघताहेत.

सुनेने आता फाइल ओढूनच घेतली. चिठ्ठी वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

“बाबा, यात ‘ताबडतोब’ लिहिलंय.”

“मला वाटलं, मोठ्या मनाने म्हणताहेत.”

बायको पदराला हात पुसत बाहेर आली होती. ती काहीतरी लागट बोलणार असं मिस्त्रींना वाटलं, पण ती नुसतीच त्यांच्या शेजारी येऊन बसली.

चार दिवसांनी मोठ्या हॉस्पिटलात त्यांच्या पोटाचा फोटो एका पडद्यावर लागला आणि त्याच्यापुढे चार डॉक्टर बसले. कापणारा, जाळणारा, नस बंद करणारा, गोळ्या देणारी, आणि फोनवर त्यांच्या मॅडम. एक बोलला की दुसरा खोडायचा, तिसरा हसायचा, आणि कुणाच्याही नाकाला मिरची झोंबत नव्हती. काचेआडून मिस्त्री आ वासून बघत राहिले. आपल्या एका गाठीसाठी एवढी माणसं डोकं लावताहेत, या विचाराने त्यांना भरून आलं.

ठरलं ते असं: आधी नस बंद करायची. गाठ आक्रसली तर उरलेली सुईने जाळायची. “गाठ मुळासकट जाईल असं वचन देत नाही,” नस बंद करणारा तरुण डॉक्टर म्हणाला. “पण वेळ मिळेल. चांगला वेळ.”

जांघेतून बारीक नळी घातली तेव्हा मिस्त्री जागेच होते. दुखलं थोडंच. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं होतं.

संध्याकाळी मॅडम आल्या, आपलं काम आटोपून, एवढ्या लांब. मिस्त्री उठायला गेले.

“पडून राहा काका. पाय हलवायचा नाही.”

“मॅडम, तुम्ही आलात.” “तुमचे फार उपकार आहेत. आणि मी गाढव, तीन आठवडे तुमचे फुकट घालवले.”

मॅडमनी स्टूल ओढलं आणि त्या त्यांच्याजवळ बसल्या.

“माझे नाही काका,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमचे.”

मिस्त्री हात जोडायला गेले, पण डाव्या हाताला सलाईन होतं. त्यांनी उजवाच हात उचलून कपाळाला लावला, आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.